भंगारवाल्याला उलटे पैसे द्यायचे? हो, द्यायचे!

आपल्याकडे घरातली वस्तू मोडीत काढायची म्हटलं की तोंडातून पहिला प्रश्न निघतो, काय भाव देशील? आणि भंगारवाल्याने वस्तू उलटीसुलटी करून मान हलवली, याचे काही पैसे येत नाही दादा असं म्हणाला, की मग त्या वस्तूचा पुढचा मुक्काम एकतर माळ्यावर, नाहीतर गच्चीच्या कोपऱ्यात, नाहीतर अंधार पडल्यावर नाल्याकाठी. माझं म्हणणं असं आहे की नको झालेल्या सामानाचा जो काही घोळ आपल्या गावाशहरांत चाललाय तो जवळपास सगळा या बिनभावाच्या वस्तूंचा आहे, आणि तो निस्तरायचा असेल तर त्या उचलायचे पैसे कुणीतरी मोजावे लागणार, आणि तो कुणीतरी म्हणजे ती वस्तू दहा वर्षं वापरलेला माणूस, म्हणजे आपणच. आता हे वाचून अर्ध्या लोकांचं डोकं फिरेल, भंगारवाल्याला आपण पैसे द्यायचे, उलटी गंगा आहे का? असू द्या उलटी, पण जरा ऐकून घ्या.

आधी जे नीट चाललंय ते सांगतो, कारण कचऱ्यावर बोलणारे लोक भंगारवाल्याला एकतर विसरतात नाहीतर त्याच्याकडे संशयाने बघतात. आपल्या घरातली इन्व्हर्टरची बॅटरी घ्या. लोडशेडिंगच्या काळात जळगाव, भुसावळ, धुळं, अमळनेर, सगळीकडे घरोघरी इन्व्हर्टर आले, त्या बॅटऱ्या चार-पाच वर्षांनी बदलाव्या लागतात, पण मेलेली बॅटरी उकिरड्यावर पडलीय असं मी तरी कधी पाहिलं नाही. का, तर जुनी दिली की नवीच्या बिलातून पैसे वजा होतात, आत शिसं आहे आणि शिशाला भाव आहे (ते शिसं पुढे कुठल्या शेडमध्ये, कुठल्या भट्टीत वितळवलं जातं हा वेगळा आणि कडू विषय आहे, पण निदान ती गटारीत तरी जात नाही). शेतातल्या ठिबकच्या जुन्या नळ्या बघा, वजनावर बांधावरूनच उचलल्या जातात. तुटकी बादली, पाय मोडलेली प्लास्टिकची खुर्ची, फुटलेला टब हे सगळं भंगारातून दळून त्याचा दाणा होतो आणि जळगावच्या एमआयडीसीतले चटईवाले असला दाणा वापरतात, म्हणजे तुमची बादली कदाचित कुणाच्या तरी ओट्यावर चटई होऊन पसरलेली असेल. पितळ-तांबं तर विचारूच नका. रद्दीला भाव, लोखंडाला भाव. कपडे घेऊन पातेलं देणारी बोहारीण, तीही याच साखळीतली. दुपारी तुमच्या दारात बसून एकेक शर्ट उजेडाकडे धरून कॉलर आणि काख तपासते, चेन ओढून बघते, आणि त्या एका स्टीलच्या डब्यासाठी अजून एक पँट काढा ना ताई म्हणून अर्धा तास घासाघीस करते, ते उगीच नाही, पुढे जुन्या बाजारात तो शर्ट विकायचा असतो तिला. कॉलर विटलेली असेल तर ती घेतच नाही.

एवढी माणसं, एवढे हात, कुणाच्याही सरकारी योजनेशिवाय, उन्हातान्हात आपलं घर रिकामं करून देतात. ही यंत्रणा चालते भावावर. आणि जिथे भाव संपतो तिथे ती यंत्रणाही संपते, त्यात तिचा काही दोष नाही.

आता गादीचं बघा, कारण खान्देशात गादी हा विषय मला सगळ्यात बोलका वाटतो. आपण कापसाच्या मुलखातली माणसं. पूर्वी घरात गादी म्हणजे कापसाचीच, ती बसली, गाठी झाल्या की पिंजारी यायचा, खोळ उसवून कापूस बाहेर काढायचा, धनुकलीने पिंजून पुन्हा फुगवायचा, थोडा नवा कापूस टाकायचा, दुपारपर्यंत गादी तयार. आता मशीनवर पिंजतात पण काम तेच. एक गादी दोन पिढ्या चालायची, आणि अगदीच गेली तर उशीत, गोधडीच्या आत, कुठेतरी मुरायची. म्हणजे गादी फेकणे हा प्रकारच नव्हता. मग आली फोमची. मऊ आहे, हलकी आहे, ईएमआयवर मिळते, लग्नात रुखवतासोबत येते, सगळं मान्य. पण आठ-दहा वर्षांनी मधे खड्डा पडला की ती पिंजता येत नाही, उसवता येत नाही, आणि भंगारवाला तिच्याकडे ढुंकून बघत नाही.

का बघत नाही ते समजून घेतलं पाहिजे, तो काही माजलेला नसतो. फोमचा उपयोग होतो, तुकडे करून, डिंक लावून, दाबून त्याचा रिबॉन्डेड फोम करतात, बाजारात जी कडक गादी रिबॉन्डेड म्हणून मिळते ती असल्याच चुऱ्याची. पण त्यासाठी कोरडा, स्वच्छ फोम लागतो, आणि मुख्य म्हणजे तो कारखान्यापर्यंत न्यावा लागतो. गादीत वजनापेक्षा हवाच जास्त. छोट्या टेम्पोत चार-पाच गाद्या टाकल्या की टेम्पो फुल, आणि काट्यावर वजन किती, तर एका पोत्यातल्या लोखंडाएवढंही नाही. डिझेल टेम्पो भरल्याचं लागतं, पैसे मिळणार किलोचे. थर्माकोलची हीच गत, टीव्ही-फ्रीजच्या खोक्यातला तो पांढरा साचा म्हणजे जवळजवळ नुसती हवाच. हा हिशोब कुठल्याही भंगारवाल्याला तोंडपाठ आहे, आपल्याला मात्र वाटतं फुकट देतोय तरी घेत नाही, किती भाव खातो.

मग ती गादी जाते कुठे? थोडे दिवस वॉचमनला, मग कॉलनीच्या मोकळ्या प्लॉटवर, पावसात भिजते, कुत्री फाडतात, आणि मग कुणीतरी काडी लावतं. पॉलियुरेथेन फोम जळताना कार्बन मोनॉक्साईड निघतो, हायड्रोजन सायनाईड निघतो, आणि हे सगळं शेजारच्या घरातल्या खिडकीतून आत जातं. धुळ्यात पांझरा काय, जळगावकडे गिरणा काय, पाणी उतरल्यावर काठाला काय काय अडकलेलं दिसतं ते एकदा जाऊन बघा, त्यात पितळेची घागर सापडणार नाही, लोखंडाचा पलंग सापडणार नाही. सापडेल ते सगळं बिनभावाचं.

आपल्याकडचा दुसरा हंगामी प्रकार म्हणजे कूलर. भुसावळ-जळगावचा मे महिना ज्याने काढलाय त्याला कूलर म्हणजे काय हे सांगायला नको, पारा पंचेचाळीसच्या पुढे गेला की घरातला देवमाणूस तोच. जुना पत्र्याचा कूलर गंजला तरी पत्र्याचे पैसे येतात, मोटरमधल्या तांब्याचे येतात, तो जातो. पण दर मार्चमध्ये आपण जे गवत बदलतो त्याचं काय? तीन बाजूंच्या जाळ्या उघडायच्या, वर्षभराचं क्षार धरलेलं कडक झालेलं गवत ओरबाडून काढायचं, नवीन भरायचं, आणि जुनं गेटबाहेर ढीग करून पेटवून द्यायचं. ते लाकडाच्या बारीक कात्रणाचं असतं, झाडाच्या आळ्यात पसरवलं तर उन्हाळाभर ओल धरेल, कंपोस्टच्या खड्ड्यात टाकलं तर हळूहळू कुजेल, क्षार फार धरले असतील तर एकदा पाण्याने धुऊन घ्या, बस. पेटवण्यात काहीच कमाई नाही. आता हनीकोंब पॅड आलेत, त्यात कागदाला रसायनाचा लेप असतो, ते मात्र आळ्यात टाकू नका आणि जाळू तर अजिबात नका. म्हणजे बघा, जुन्या वस्तूच्या जागी नवीन सोयीची वस्तू आली की बहुतेक वेळा विल्हेवाटीची सोय जाते, गादीत गेली, कूलरमध्ये चाललीय, साडीतही गेली, सुती लुगड्याची गोधडी व्हायची, सिंथेटिक साडीला ना ऊब ना घाम शोषायची ताकद, ती गोधडीत सरकते नुसती.

टीव्हीचं प्रकरण यापेक्षा वाईट आहे कारण त्याला अर्धवट भाव आहे. म्हणजे काय, तर तो जुना डब्बा टीव्ही, मागे मोठं कुबड असलेला, भंगारवाला थोडेफार पैसे देऊन नेतो आणि आपल्याला वाटतं चला, मार्गी लागला. भंगारच्या गोडाऊनवर एकदा थांबून बघा काय होतं ते. मागचं कव्हर काढलं, प्लास्टिक एका ढिगात. नळीच्या मानेवरची तांब्याची गुंडाळी, त्याला योक म्हणतात, ती ओढून काढली. सर्किटचं कार्ड वेगळ्या पोत्यात, त्याचा घेणारा वेगळा असतो. वायरी एका बाजूला, संध्याकाळी त्यांची होळी, वरचं पीव्हीसी जळून आतलं तांबं हातात यावं म्हणून, आणि त्या काळ्या धुरात डायॉक्सिनसारखी भयंकर द्रव्यं असतात, आणि तिथेच गोडाऊनवाल्याची पोरं खेळत असतात. आता उरली काच. त्या नळीच्या मागच्या भागाच्या काचेत वजनाच्या पाचव्या हिश्शाच्या आसपास शिशाचं ऑक्साईड असतं, क्ष-किरण अडवायला घातलेलं. पूर्वी ही काच पुन्हा नवीन नळ्या करायला वापरली जायची, पण नळ्यांचे टीव्हीच बंद झाले, काचेचा गिऱ्हाईक संपला. म्हणून ती काच फोडून मागच्या नाल्यात. म्हणजे भाव होता तेवढा टीव्ही विकला गेला, बिनभावाचा टीव्ही आपल्याच पाण्यात आला.

फ्रीजचं तसंच, कॉम्प्रेसर काढायला नळी कापली की आतला गॅस फुस्स करून हवेत. जुन्या फ्रीजमध्ये आर-१२ असायचा, तो ओझोनचा शत्रू, १९८७ च्या माँट्रियल कराराने जगभर बंद करत आणला, आणि तापमानवाढीच्या बाबतीत त्याचा एक किलो म्हणजे दहा टनांहून जास्त कार्बन डायऑक्साईडच्या बरोबरीचा. नंतरच्या फ्रीजमध्ये आर-१३४ए आला, तो ओझोनला त्रास देत नाही पण तापवतो बऱ्यापैकी, एका घरगुती फ्रीजमधला शे-दीडशे ग्रॅम म्हणजे दीड-दोनशे किलो कार्बन डायऑक्साईड धरा. तो गॅस बाटलीत ओढून घ्यायचं मशीन असतं, ते चालवायला वेळ लागतो, वीज लागते, आणि त्याचा फ्रीज मोडणाऱ्या भंगारच्या पोराला कुणीही एक रुपया देत नाही. मग तो का करेल? तुम्ही-आम्ही केलं असतं का?

आता दान. इथे बरेच लोक नाराज होणार आहेत पण बोललंच पाहिजे. दिवाळी आली, घर आवरलं, श्रावणात कानबाईच्या सणाआधी आवरलं, आखाजीला म्हणजे अक्षय तृतीयेला आवरलं, की कपड्यांची गाठोडी निघतात आणि कुणीतरी म्हणतं, फेकण्यापेक्षा गरिबाला देऊ. मग गाड्या निघतात सातपुड्याकडे, धडगाव, अक्कलकुवा, यावल-रावेर-चोपड्याच्या वरच्या पाड्यांवर. त्यातले काही लोक खरोखर मनापासून करतात, नवीन कपडे नेतात, आधी विचारून नेतात काय पाहिजे म्हणून, त्यांना माझा नमस्कार. पण गाठोड्यांत निघतं काय? लग्नात मिळालेले शर्टपीस ठीक आहेत, पण ताणलेले लेगिन्स, चेन तुटलेल्या जीन्स, एका पायाचा मोजा, शहरातल्या बाईचे टिकल्या-आरसे लावलेले पार्टीचे ड्रेस, हे घालून पाड्यावरची बाई निंदायला जाणार आहे का? बोहारणीने जे कॉलर बघून नाकारलं ते आपण आदिवासीला देतो आणि वर फोटो काढतो. आणि यातला सगळ्यात महत्त्वाचा मुद्दा कुणी बोलत नाही तो असा की शहरात निदान घंटागाडी येते, पाड्यावर घंटागाडी नाही, डेपो नाही, भंगारवाला महिन्यातून एकदा आला तर आला. म्हणजे आपण आपलं न कुजणारं पॉलिस्टर जिथे उचलायची काहीच सोय नाही अशा जागी पोचवून येतो, स्वतःच्या डिझेलने. याला विल्हेवाट म्हणा, दान म्हणू नका.

२००४ च्या त्सुनामीनंतर तामिळनाडूत जुन्या कपड्यांचे असेच ढीग रस्त्याकडेला पडले होते, लोकांनी घेतलेच नाहीत. गूंज नावाची संस्था आहे, अंशू गुप्तांनी १९९९ मध्ये सुरू केलेली, २०१५ मध्ये त्यांना मॅगसेसे मिळालं, त्यांनी त्या ढिगातलं कापड निवडून उपयोगी लावलं. त्यांच्या कामातलं मला पटलेलं हे की कपडा हा उपकार म्हणून देत नाहीत, गावाने रस्ता केला, विहीर खोदली की त्या कामाचा मोबदला म्हणून देतात, आणि त्याआधी निवडणं, धुणं, शिवणं, सगळं होतं. या निवडण्या-शिवण्याला माणसं लागतात, पैसा लागतो. फुकट तिथेही काही होत नाही. म्हणून द्यायचंच असेल तर एक सोपी कसोटी, ही वस्तू आपल्या सख्ख्या मावसभावाला देताना लाज वाटेल का? वाटत असेल तर तिचं फडकं करा, गॅरेजवाल्याला हात पुसायला द्या, तिथे सुती बनियनला मागणी असते.

ज्या वस्तू चालू आहेत त्यांच्यासाठी मात्र सरळ विकणं हाच उत्तम मार्ग, त्यात कसलाही कमीपणा नाही. जळगावात विद्यापीठाच्या, इंजिनिअरिंगच्या पोरांच्या रूम बघा, शेवटच्या वर्षाचा पोरगा जाताना कूलर, खाट, गादी, शेगडी ज्युनिअरला विकून जातो, व्हॉट्सॲप ग्रुपवर फोटो टाकला की दुपारी व्यवहार होतो, तोच कूलर किती बॅचेसचा मे महिना काढतो देव जाणे. मोबाईल विकताना तेवढा रिसेट करा, अकाउंट लॉगआउट करा, आणि बॅटरी फुगलेली असेल तर तो कुणालाच देऊ नका आणि घंटागाडीतही टाकू नका, दबली की पेट घेते. सर्व्हिस सेंटरला न्या.

देवाच्या तसबिरींचाही विषय आहेच. चिरलेली काच, वाळवी लागलेली फ्रेम, आजोबांच्या वेळचा दत्ताचा फोटो, तो कचऱ्यात टाकायला हात होत नाही, साहजिक आहे, माझाही होत नाही. म्हणून पिंपळाखाली ठेवून येतात नाहीतर तापीत सोडतात. पिंपळाखाली महिनाभराने काय अवस्था असते ते सगळ्यांनी पाहिलंय, त्यात देवाचा मान कुठे राहतो मला कळत नाही. नमस्कार करा, कागद काढून कुंडीत किंवा परसात पुरा, लाकूड-काच वेगळी करा. संपला विषय.

बरं, कायदा काय म्हणतो? कायदा आहे, चांगला आहे, कागदावर. २०२६ मध्ये नवे नियम येईपर्यंत लागू असलेल्या २०१६ च्या घनकचरा नियमांत लिहिलं होतं की ओला, सुका आणि घरातला घातक कचरा असे तीन भाग घराघरात वेगळे करायचे, उघड्यावर जाळायचं नाही, नदी-नाल्यात टाकायचं नाही, आणि घातक कचऱ्यासाठी, म्हणजे ट्यूबलाईट, सीएफएल, जुनी औषधं, रंगाचे डबे, मच्छर मारायच्या औषधाच्या बाटल्या यांच्यासाठी, दर २० चौरस किलोमीटरला किंवा त्याहून लहान भागाला एक जमा केंद्र स्थानिक संस्थेने काढायचं. जळगाव शहर साधारण ६८ चौरस किलोमीटरच्या आसपास आहे, म्हणजे हिशोबाने चार केंद्रं झाली. तुम्हाला त्यांचे पत्ते माहितीयेत का? तुमच्या गल्लीत एकाला तरी माहितीयेत का?

ई-कचऱ्याचे २०२२ चे नियम १ एप्रिल २०२३ पासून लागू झाले, त्यात १०६ प्रकारच्या वस्तू आहेत, टीव्ही-फ्रीजपासून खेळण्यापर्यंत, आणि जबाबदारी बनवणाऱ्या कंपनीवर टाकलीय. ऐकायला छान. पण ती जबाबदारी पूर्ण होते सर्टिफिकेटने, म्हणजे कुठल्यातरी नोंदणीकृत रिसायकलरने अमुक टन माल मोडला आणि कंपनीने त्याचं सर्टिफिकेट विकत घेतलं की कंपनी सुटली. तो माल चोपड्याचा असायला पाहिजे असं काही नाही. कंपनीला टन मोजायचेत, ते शहराजवळ स्वस्तात मिळतात, मग शिरपूर-साक्री-तळोद्याला कोण गाडी पाठवेल? आणि सरकारने रिसायकलरला किलोमागे किमान २२ रुपये तरी द्या असा दर घरगुती इलेक्ट्रॉनिक्ससाठी ठरवला तर मोठमोठ्या कंपन्या थेट कोर्टात गेल्या, महाग पडतं म्हणून. बघा म्हणजे, शेवटी गाडी येऊन थांबते पैशावरच.

म्हणून मी म्हणतो की आधी हे कबूल करा, वस्तू टाकायला खर्च येतो. आपण तो देत नाही म्हणजे तो नाहीसा होत नाही, तो नाल्याकाठच्या वस्तीवर, भंगारच्या पोरांच्या फुप्फुसांवर, गिरणेच्या पाण्यावर पडतो. हे म्हणजे हात ओले न करता मासे धरणं झालं.

मग पैसे कसे घ्यायचे? यात दोन रस्ते आहेत आणि मला त्यातला एकच पटतो. पहिला, टाकताना घ्यायचे. जपानमध्ये २००१ पासून टीव्ही, फ्रीज, वॉशिंग मशीन आणि एसी टाकताना मालकाला फी भरावी लागते. शिस्तीचा देश, तरी काही लोक फी चुकवायला रात्री डोंगरात नेऊन टाकतात. मग आपल्याकडे काय होईल ते सांगायला ज्योतिषी नको. पण त्याच जपानने घरच्या कॉम्प्युटरसाठी २००३ पासून वेगळं केलं, फी विकतानाच किंमतीत धरली, टाकताना काही द्यायचं नाही. हा दुसरा रस्ता. आपल्याला तो नवीनही नाही, घरात गॅसचं सिलिंडर आहे ना, रिकामं सिलिंडर कुणी पांझरेत फेकलेलं पाहिलंय? डिपॉझिट अडकलेलं असतं. तामिळनाडूतल्या निलगिरी जिल्ह्यात २०२२ पासून सरकारी दारूच्या दुकानात बाटलीमागे १० रुपये जास्त घेतात आणि रिकामी आणली की परत देतात, आणि तिथे बहुतेक बाटल्या परत येतात. पिणारा माणूस बाटली सांभाळून परत आणतो, तिथे आपण गादी परत करू शकत नाही?

मला माहितीये कुणीतरी म्हणेल महाराष्ट्रात २०१८ च्या प्लास्टिकबंदीत दुधाच्या पिशवीला ५० पैसे परत मिळणार होते त्याचं काय झालं. बरोबर आहे, काही झालं नाही. पण ५० पैशासाठी पिशवी धुऊन, वाळवून, घडी करून कोण परत नेणार, आणि दुकानदाराला त्यात काय मिळणार होतं? रक्कम टोचेल एवढी पाहिजे आणि परत घेणाऱ्यालाही त्यात काही सुटलं पाहिजे. गादीवर पाचशे रुपये धरा. जुनी आणून दिली की त्यातले काही नवीच्या बिलातून कमी, काही दुकानदाराला प्रत्येक जुन्या गादीमागे हाताळणीचे, बाकी पैशात तिचा प्रवास.

प्रवासाचंही उत्तर आपल्या डोळ्यासमोर आहे. जळगावहून चोपड्याला, यावलला, पाचोऱ्याला फ्रीज-गाद्या पोचवणारे टेम्पो रोज जातात, येताना बहुतेक रिकामे येतात. ज्या टेम्पोने नवी गादी दारात आणली तोच जुनी घेऊन जाऊ शकतो, हमाल तोच, चक्कर तीच. म्हणजे हवा वाहून नेण्याचा जो खर्च भंगारवाल्याला परवडत नव्हता तो इथे निम्म्याहून कमी होतो. एक्स्चेंज ऑफरमध्ये दुकानदार जुना फ्रीज नेतातच की, फक्त तो पुढे कुठे जातो हे आपण विचारत नाही. विचारायला लागा. दहा गिऱ्हाइकांनी विचारलं तर अकराव्याच्या वेळी तो उत्तर तयार ठेवेल.

यात भंगारवाल्याला बाजूला काढून कुठल्यातरी बड्या ठेकेदाराला काम दिलं तर मात्र मी या सगळ्याच्या विरोधात आहे, आधीच सांगतो. पुण्यात कचरावेचकांची कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत १९९३ पासून आहे, त्यातूनच पुढे स्वच्छ ही त्यांची सहकारी संस्था झाली, आणि त्याच बाया घरोघरून कचरा उचलतात, जुन्या वस्तू गोळा करायच्या मोहिमाही घेतात, त्याचे पैसे घेतात, आणि लोक देतात. आपल्याकडेही गल्लीबोळ माहिती असलेली, कुणाच्या माळ्यावर काय पडलंय ते सांगणारी माणसं तीच आहेत. त्यांना ओळखपत्र द्या, गोडाऊनला जागा द्या, वायर सोलायचं छोटं मशीन द्या म्हणजे जाळावी लागणार नाही, आणि फ्रीजमागे गॅस काढायचे पैसे द्या. २०१६ च्या नियमांतही कचरावेचकांना सामावून घ्या असंच लिहिलं होतं.

पालिकांनी काय करावं तर मोहिमा कमी आणि वेळापत्रक जास्त. मे २०२३ मध्ये केंद्राच्या मोहिमेत शहराशहरांत जुने कपडे, पुस्तकं, खेळणी जमा करायची केंद्रं निघाली होती, कल्पना झकास, पण माणूस माळा साफ करतो तो काय मोहिमेची तारीख बघून? त्यापेक्षा वॉर्डावॉर्डात महिन्याचा एक ठरलेला दिवस, त्या दिवशी मोठा टेम्पो फिरणार, गादी, सोफा, थर्माकोल, काच, ट्यूबलाईट घेणार, घंटागाडीच्या भोंग्यावर आदल्या दिवशी सांगणार. आमच्याकडचा हंगाम ठरलेला आहे, मार्चमध्ये कूलर, श्रावणात कानबाईच्या आधी, दिवाळीच्या आधी, त्या महिन्यांत दोन फेऱ्या करा. अगदी सुरुवातीला डिपॉझिट वगैरे कायदे होईपर्यंत त्या टेम्पोवर गादीमागे शे-दोनशे रुपये घेतले तरी देणारे निघतील, ज्यांना परवडत नाही त्यांची फुकट न्या, कारण ज्यांना परवडत नाही त्यांच्याकडे फेकायला फोमची गादी सहसा नसतेच, ते आपलीच टाकलेली वापरत असतात.

आणि तोपर्यंत पुढच्या वेळी भंगारवाला दारात आला आणि लोखंड-रद्दी मोजून झाली की ती बिनभावाची वस्तू त्याच्यासमोर ठेवा आणि विचारा, ही नीट जागी पोचवायचे किती घेशील? पहिल्यांदा त्याला वाटेल मस्करी करताय. मग तो डोकं खाजवून एक आकडा सांगेल. त्यात घासाघीस करू नका.